खांद्यावर नावे, काळजावर नावे



बायबल पहिल्या पानापासून वाचून काढायचे, असा निश्चय करून बसलेले पुष्कळजण निर्गमाच्या पुस्तकात अर्ध्यावर थांबतात. तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत गोष्ट धावत असते. पंचविसाव्या अध्यायापासून मात्र खांब, पडदे, कड्या आणि आकड्या यांची मापे सुरू होतात. अठ्ठाविसाव्या अध्यायात तर याजकाच्या कपड्यांची यादीच येते. आपल्या बायबल वर्गातल्या एका युवकाने विचारले, "फादर, देवाला कपड्यांचे एवढे काय पडले आहे?"

प्रश्न चांगला आहे, तो टाळू नये. शिवाय कपड्यांचा प्रश्न आपल्या लहानशा धर्मग्रामातही आहे आणि त्यापायी रविवारी काही जागा रिकाम्या राहतात. त्याकडे आपण शेवटी येऊ. आधी अहरोनाच्या अंगावर काय होते ते पाहू.

वस्त्रे कोणती होती?

साध्या याजकाला चार वस्त्रे असत: आत घालायचा चोळणा, अंगरखा, कमरबंद आणि डोक्याला फेटा. महायाजकाला यांशिवाय आणखी चार असत: निळा झगा, एफोद, ऊरपट आणि कपाळावरची सोन्याची पट्टी.

कापड तलम तागाचे, म्हणजे लिननचे. ज्या जवसाची आपल्याकडे चटणी होते त्याच झाडाच्या सालीतून हा धागा निघतो. त्यात निळे, जांभळे आणि किरमिजी सूत विणलेले होते. सोने कापडावर नुसते चिकटवलेले नव्हते. सोन्याचा पातळ पत्रा ठोकून त्याच्या तारा कापल्या आणि त्या सुतात विणल्या, असे निर्गम 39:3 मध्ये दिले आहे. जळगावच्या सराफ बाजारात काम करणाऱ्या कारागिराला या एका ओळीतले कष्ट लगेच कळतील.

जांभळा रंग समुद्रातल्या शंखाच्या प्राण्यापासून काढीत. एका वस्त्रापुरता रंग मिळवायला हजारो शंख फोडावे लागत. इस्राएलच्या दक्षिणेस तिम्ना येथे या खऱ्या जांभळ्या रंगाचे लोकरीचे धागे सापडल्याचे 2021 साली जाहीर झाले. ते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे दावीद राजाच्या काळाच्या आसपासचे आहेत.

किरमिजी रंग एका लहान किड्यापासून काढीत. आपल्या 'किरमिजी' शब्दाचे मूळही 'कृमी'कडेच जाते. या रंगासाठी हिब्रूत जो शब्द आहे त्याचाही अर्थ किडा असाच होतो. बाविसाव्या स्तोत्रात दुःखी माणूस स्वतःला माणूस नव्हे तर किडा म्हणवतो, तिथे हाच शब्द आला आहे. प्रभू येशूने क्रुसावर ज्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली ते हेच स्तोत्र. महायाजकाच्या वैभवी वस्त्रात एका चिरडलेल्या जिवाचा रंग होता, हे ध्यानात ठेवू या.

आणि हे सूत कातले कोणी? निर्गम 35:25 सांगते की ते कुशल स्त्रियांनी आपल्या हातांनी कातून आणले. मंदिराच्या परमपवित्र स्थानी कोणतीही स्त्री जात नसे, पण तिने कातलेला धागा तिथे जात असे. आपल्या वेदीवरची वस्त्रे दर आठवड्याला धुऊन इस्त्री करून ठेवणाऱ्या भगिनींनी हे वचन घरी उघडून वाचावे.

वस्त्रावर नावे का?

आता या पोशाखाच्या गाभ्याकडे येऊ. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेद रत्न होते. प्रत्येकावर सहा, अशी इस्राएलच्या बारा पुत्रांची नावे कोरलेली होती. छातीवर एक वीत लांब आणि एक वीत रुंद असा दुहेरी ऊरपट होता. त्यावर चार ओळींत बारा रत्ने आणि प्रत्येक रत्नावर एका वंशाचे नाव. मोहोर कोरतात तशी ती खोल कोरायची होती. शाईने लिहिलेले पुसले जाते, कोरलेले सहज जात नाही.

खांदा ओझे वाहण्यासाठी असतो आणि काळजात माया असते. देवापुढे उभ्या राहणाऱ्याने लोकांना दोन्ही ठिकाणी वागवायचे होते. नुसते खांद्यावर घेतले तर सेवा हमाली होते. नुसते काळजात ठेवले तर माया तोंडदेखली राहते. म्हणून दोन्हीकडे तीच नावे.

आणखी एक गोष्ट पाहा. खांद्यावरची नावे जन्माच्या क्रमाने होती, कर्तबगारीच्या क्रमाने नव्हती. शिमोनाने शखेमात रक्तपात केला होता आणि त्याबद्दल मरणाच्या वेळी बापाने त्याला कठोर शब्द सुनावले होते. तरी त्याचे नाव रत्नावर आहे. ज्यांनी भाऊ योसेफाला विकले त्यांचीही नावे आहेत. ऊरपटावर प्रत्येक वंशाचे रत्न वेगळ्या जातीचे होते, पण जागा प्रत्येकाला एकेक. मोठ्या यहूदाला दोन घरे आणि धाकट्या बन्यामीनाला अर्धे, असे नव्हते.

झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबे होती आणि मधूनमधून सोन्याच्या घंट्या. पोळ्याला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजली की न पाहताही आपल्याला कळते, कोणाची जोडी कुठवर आली. तसे महायाजक आत गेला की लोकांना दिसत नसे, पण घंट्यांचा आवाज येई. तो आत आहे आणि आपली नावे घेऊन उभा आहे, हे त्या आवाजावरून कळे.

कपाळावरच्या पट्टीवर 'परमेश्वरासाठी पवित्र' अशी अक्षरे होती. ती त्याला स्वतःला दिसत नसत, समोरच्यांना दिसत. आपले पावित्र्य आपण आरशात पाहत बसायचे नसते, हा त्यातला धडा.

शलमोनाच्या ज्ञानग्रंथात (18:24) म्हटले आहे की अहरोनाच्या पायघोळ झग्यावर सारे विश्व होते. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने त्याचा उलगडा केला: ताग म्हणजे जमीन, जांभळा रंग म्हणजे समुद्र, किरमिजी म्हणजे अग्नी आणि निळा म्हणजे आकाश. याजक देवापुढे जाताना एकटा जात नसे. सारी सृष्टी अंगावर घेऊन तो जात असे.

हे वस्त्र कोणाला मिळाले?

इथे पवित्र शास्त्र आपल्याला गप्प करते. सिनाय पर्वतावर परमेश्वर मोशेला अहरोनाच्या वस्त्रांचा तपशील सांगत होता. त्याच दिवसांत पर्वताच्या पायथ्याशी हाच अहरोन लोकांच्या दबावाला बळी पडून सोन्याचे वासरू घडवीत होता. वर त्याच्यासाठी सोन्याच्या तारा ठरत होत्या आणि खाली तो लोकांच्या कानांतले सोने वितळवीत होता. तरीही पुढे वस्त्र त्यालाच मिळाले.

ते त्याने स्वतः चढवले नाही. लेवीय 8 मध्ये आधी मोशेने त्याला पाण्याने धुतले आणि मग एकेक वस्त्र त्याच्या अंगावर घातले. पवित्र वस्त्र हे कमावलेले बक्षीस नव्हे. ते दुसऱ्याच्या हातून अंगावर येते.

पण म्हणून वस्त्र म्हणजे ताईतही नव्हे. अहरोनाचे दोन मुलगे नादाब आणि अबीहू यांनी आज्ञा नसलेला अग्नी परमेश्वरापुढे नेला आणि ते मेले. त्यांना बाहेर नेले तेव्हा याजकाचे अंगरखे त्यांच्या अंगावरच होते (लेवीय 10:5). वस्त्राने त्यांना वाचवले नाही. आम्हा धर्मगुरूंनी हे वचन रोज मिस्साची वस्त्रे घालताना आठवावे असे आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना खूण आणि खुणेने दाखवलेली वस्तू यांतला फरक शिकवतात. खूण खरी असते, पण ती स्वतःसाठी नसते. ती बोट दाखवते. बोटाकडेच पाहत बसलो तर ते ज्याकडे दाखवते ते दिसत नाही. आपल्या शेजारच्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा खादीला असाच अर्थ होता. जाडेभरडे ते कापड सूत कातणाऱ्या गरिबाशी जोडलेपण सांगत होते. ते जोडलेपण सुटले तर खादी नुसता पोशाख उरतो. पवित्र वस्त्राचेही तसेच आहे. नावे विसरली गेली तर रत्ने नुसते दागिने होतात.

आणि तसे घडलेही. प्रभू येशूच्या काळी महायाजकाचे वस्त्र याजकांच्या ताब्यातच नव्हते. जोसेफस लिहितो की रोमी सत्तेने ते मंदिराला लागून असलेल्या अंतोनिया किल्ल्यात कुलपात ठेवले होते. सणापूर्वी सात दिवस ते बाहेर निघे, वापरले जाई आणि पुन्हा किल्ल्यात जाई. सिरियाचा सुभेदार वितेल्लियस याने इसवी सन 36 च्या सुमारास ते परत दिले. लोकांची नावे ज्यावर कोरलेली, ते वस्त्र परक्या शिपायांच्या पहाऱ्यात! ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात लोकांची नाडी, हे राज्यकर्त्यांना नीट कळले होते. इसवी सन 70 मध्ये मंदिर जाळले गेले आणि ती उपासना थांबली.

आपल्या महाराष्ट्रातले साक्षी

आपल्याच मराठी मुलखात या परंपरेचे वारस शतकानुशतके राहिले आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले, असे बेने इस्राएल लोक सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शब्बाथामुळे शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली आणि घरी मराठी बोलले. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले. पुण्यात बगदादी यहुद्यांचे 'लाल देऊळ' आहे, ते कित्येकांनी पाहिले असेल.

या सभास्थानांत एफोद घातलेला महायाजक दिसत नाही, कारण मंदिर नाही. पण नियमशास्त्राची गुंडाळी बाहेर काढतात तेव्हा ती उघडी नसते. तिला सुंदर वेष्टन असते आणि वर चांदीचे तुरे असतात. त्या तुऱ्यांना 'रिम्मोनीम' म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ डाळिंबे. त्यांना पुष्कळदा लहान घंट्याही लावलेल्या असतात. याजकाच्या झग्यावरची डाळिंबे आणि घंट्या आज देवाच्या शब्दाला शोभा देतात. मंदिर गेले, वस्त्रे गेली, पण परमेश्वरापुढे आदराने उभे राहण्याची रीत त्यांनी सोडली नाही. आपल्या या थोरल्या भावंडांकडून आपण हे शिकावे.

आपला महायाजक

प्रभू येशू लेवीच्या वंशातला नव्हता, यहूदाच्या वंशातला होता. इब्री लोकांस पत्र (7:14) हे स्पष्ट सांगते. त्याने आयुष्यात कधी एफोद घातला नाही. पण योहान सांगतो की क्रुसाखाली शिपायांनी त्याचे कपडे वाटून घेतले तेव्हा त्याचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत विणलेला निघाला. महायाजकाचा झगाही तुकडे जोडून शिवलेला नसे, असे जोसेफस लिहितो. योहानाची खूण समजते ना? महायाजक बलिदान अर्पायला निघाला आहे. फक्त इथे वस्त्र चढवले जात नाही, उतरवले जाते.

जुन्या करारातही याची चाहूल आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक परमपवित्र स्थानात जाताना सोन्याची वस्त्रे उतरवून साधे तागाचे कपडे घालीत असे (लेवीय 16). देवाच्या सर्वांत जवळ जायचे तेव्हा सोने बाहेर ठेवायचे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनेही वरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. रत्ने नव्हती, पण बाराही जणांची नावे त्याच्या काळजावर होती. यहूदाचेही पाय त्याने धुतले.

28 मार्च 2013 रोजी, पोप झाल्यावरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना याच अध्यायाची आठवण करून दिली होती. मिस्साचे वस्त्र अंगावर घेताना विश्वासू लोकांचे ओझे खांद्यावर आणि त्यांचे चेहरे काळजात जाणवावेत, असा त्यांचा आशय होता. आज आम्ही घालतो ती वस्त्रे मुळात रोमी लोकांच्या रोजच्या पोशाखातून आली आहेत. त्यांवर रत्ने नाहीत, पण त्यांचे काम अहरोनाच्या वस्त्राचेच आहे.

आता आपल्या सावद्याकडे

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन घरी गेलो तेव्हा एकच उत्तर ऐकले: "फादर, मिस्साला यायला धड कपडे नाहीत." ही माणसे केळीच्या कापणीवर जातात. घड खांद्यावर वाहतात. केळीचा चीक कापडाला लागला की काळपट डाग पडतो आणि तो कोणत्याही साबणाने जात नाही, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. डाग बहुधा खांद्यावर आणि छातीवरच असतो. जिथे अहरोनाची रत्ने होती, बरोबर तिथेच!

त्या खांद्यावर काय असते? मुलांची फी, आईचे औषध, बहिणीचे लग्न. म्हणजे नावेच असतात. आपल्या माणसांची नावे खांद्यावर घेऊन जो दिवसभर राबला, तो त्या डागामुळे प्रभूच्या घराबाहेर राहतो, याहून उलटी गोष्ट कोणती?

जखऱ्या संदेष्ट्याने एक दृष्टान्त पाहिला (3:1-5). महायाजक यहोशवा मळक्या कपड्यांत परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे आणि सैतान त्याच्याकडे बोट दाखवीत आहे. परमेश्वर यहोशवाला हाकलत नाही, तो सैतानाला धमकावतो. मग कपडे बदलायला सांगतो. क्रम पाहा. आधी उभे राहायला जागा, मग स्वच्छ वस्त्र. बोट दाखवण्याचे काम कोणाचे होते, तेही पाहा.

कोणी म्हणेल, "पण फादर, लग्नाच्या मेजवानीत विवाहवस्त्र नसलेल्याला बाहेर काढलेच ना?" खरे आहे, मत्तय 22 मध्ये तसे आहे. पण ती मेजवानी रस्त्यांवरून बोलावून आणलेल्यांची होती. त्यांच्याकडून राजा भारी कापडाची अपेक्षा कशी धरील? संत आगुस्तीनने या विवाहवस्त्राचा अर्थ प्रीती असा केला आहे. ते वस्त्र बाजारात मिळत नाही आणि ते घातल्याशिवाय कितीही कोरा शर्ट असला तरी माणूस उघडाच. शेजारी बसलेल्याच्या डागाकडे पाहून जो नाक मुरडतो, त्याने आपले विवाहवस्त्र घरी तर विसरले नाही ना, ते तपासावे.

याचा अर्थ मिस्साला गबाळे यावे असा नाही. देवाने अहरोनाची वस्त्रे गौरवासाठी आणि शोभेसाठी करायला सांगितली होती. घरात जे आहे ते धुऊन, नीट करून यावे. ज्याच्याकडे चांगले आहे त्याने चांगले घालावे, त्यात पाप नाही. पण जे नाही त्याची लाज वाटून घरी राहू नये आणि आपल्यापैकी कोणी ती लाज दुसऱ्याला वाटायला लावू नये.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, ज्यांना कामावरून थेट यावे लागते त्यांनी थेट यावे. हात-पाय धुवायला मागच्या नळाजवळ साबण आणि टॉवेल ठेवला जाईल. त्यांनी शेवटच्या बाकावर बसायचे नाही, पुढे यायचे.

दुसरी, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मुलामुलींच्या कपड्यांसाठी कोणीही कर्ज काढू नये. सर्वांना सारखे, साधे पांढरे सुती कपडे आपण धर्मग्रामातच शिवून घेऊ. कापड ज्यांना द्यायचे आहे त्यांनी द्यावे, शिवणकाम येणाऱ्या भगिनींनी हात लावावा. कोणी किती दिले याची यादी वाचली जाणार नाही. बारा रत्नांना सारखी जागा होती.

तिसरी, येत्या रविवारपासून वेदीजवळ एक वही असेल. तीत आजारी, परगावी कामाला गेलेले, रुसून बसलेले आणि मिस्साला येणे सोडलेले यांची नुसती नावे लिहा. अर्पणाच्या वेळी ती वही भाकर आणि द्राक्षारसाबरोबर वेदीवर येईल. मला ती नावे त्या वेळी खांद्यावर घ्यायची आहेत. तुम्ही ती आठवडाभर काळजात ठेवा आणि त्यातल्या एकाच्या तरी दारी जाऊन या.

स्नानसंस्काराच्या वेळी प्रत्येकाला पांढरे वस्त्र मिळाले होते. ते आपण स्वतः घातले नाही, दुसऱ्या कोणीतरी आपल्याला घातले. पौल सांगतो की बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्तच परिधान केला आहे (गलती 3:27). म्हणजे आपण सारेच याजकीय प्रजा. आई घरात, मजूर बागेत, शिक्षक शाळेत, प्रत्येकाच्या अंगावर हे न दिसणारे वस्त्र आहे आणि त्यावर कोणाची ना कोणाची नावे आहेत. आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या वस्त्रावरची नावे एकदा मोजून पाहा. एखादे पुसट झाले असेल तर ते पुन्हा कोरा.

हे प्रभू येशू, आमच्या खऱ्या महायाजका, तू आमची नावे आपल्या जखमांत वागवलीस. आमच्या खांद्यांना बळ दे आणि काळजाला जागा दे. आमच्यातला कोणीही आपल्या डागांची लाज वाटून तुझ्या दाराबाहेर उभा राहू नये. आमेन.

आपला,
धर्मगुरू